बिलावल उलटा वाचला तेव्हा

मुलांनो, परवा तुम्ही फोनवर एक रंगीत वर्तुळ दाखवलंत, घड्याळाच्या आकड्यांसारखे बारा स्वर मांडलेलं, आणि विचारलंत, "आजी, तुला हे कळेल का?" मी "बघू" म्हणून विषय बदलला. तो का बदलला, ते आता क्रमाने लिहिते.

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका कॉलेजात गणित शिकवत होते. माझी शाळेपासूनची मैत्रीण गाणं शिकवायची. तिचे गुरू साताऱ्याला असत, त्यांना सगळे बुवा म्हणत. मी एका फळीवर गोलाकार बारा खिळे ठोकले होते, सर्वांत वर सा. रविवारी ती एखादा थाट, म्हणजे रागांमागचा सात स्वरांचा साचा, गायची आणि मी त्याचे स्वर लाल लोकरीने जोडून आकृती करायची.

कॉलेजच्या संगणकावर मी बेसिकमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. असलेल्या स्वराला एक, नसलेल्याला शून्य. मग सा जागेवर ठेवून बाकीची ओळ उलटी वाचायची. म्हणजे आकृती आरशात बघायची. बिलावल घातला आणि पडद्यावर आलेले स्वर तिला वाचून दाखवले. तिने ते गाऊन पाहिले आणि मध्येच थांबली.

"अगं, ही तर भैरवी."

खमाजातून आसावरी निघाली. भैरव मात्र उलटूनही भैरवच राहिला. "हट्टी आहे मेला," ती म्हणाली. हे सांगलीच्या जाणकारांपुढे दोघींनी, दोघींच्या नावाने मांडायचं ठरलं.

गुरुपौर्णिमेला तिने फळी बरोबर घेतली. "बुवांना नुसती दाखवते." मीही सोबत गेले. त्यांच्याकडे शिष्य वर्षभरात मिळवलेलं काहीतरी गुरूंच्या पायाशी ठेवत, एखादी नवी बंदिशसुद्धा. ठेवलं की ते गुरूंचं. तिने फळी ठेवली. बुवांनी ती उचलून आरशाचं सगळं सभेला न अडखळता समजावलं, म्हणजे तिने ते आधीच सांगितलं होतं. मग म्हणाले, "आमच्या घराण्यात ही दृष्टी पूर्वीपासून आहे." मागे तानपुऱ्यावर तीच बसली होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

परतताना एसटीत मी विचारलं, "फळी?"

"पायाशी ठेवलेलं परत मागत नाहीत गं."

"ते ठेवायला तुझं होतं का?"

कऱ्हाडला तिने खिडकीतून शेंगा घेतल्या. मग म्हणाली, "तुला काय, गणितात असं रोज सापडतं."

रोज सापडत नाही, मुलांनो. मला आयुष्यात तेवढंच सापडलं होतं. सांगलीत मी ते मांडलं नाही. बुवांचं ऐकून केलंय, असंच लोक म्हणाले असते. ती पुन्हा रविवारी आली नाही, मीही बोलावलं नाही.

तुमचं वर्तुळ मला कळतं. माझी फळी साताऱ्यातच राहिली, आणि त्या प्रोग्रॅमची माझी फ्लॉपी आता कुठल्याच यंत्रात जात नाही. उरलेली लाल लोकर शिवणाच्या डब्यात आहे.