तिसऱ्यांचं पाणी

दिल्लीला एकदाही न जाता दिल्लीच्या मनातलं ओळखणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच होता, आणि तो आमच्या कॉलेजच्या संशोधन कक्षात, दोन तोंडांच्या करडाशेजारी बसायचा. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळं मोठं विधान करताना हात जरा अडखळतो. पण धाराशिवात आमच्या कॉलेजच्या कुठल्याही प्राध्यापकाला कक्षातल्या मामांबद्दल विचारा. तो आधी हसेल, मग इकडंतिकडं बघेल आणि मग आवाज बारीक करून माझ्यापेक्षाही मोठं काहीतरी सांगेल.

प्राध्यापकांनी संशोधनाचे प्रस्ताव लिहावेत, ते बाहेरच्या संस्थांकडं पाठवावेत आणि अनुदान मिळवावं, यासाठी मदत करणारा हा कक्ष. कागदोपत्री त्याला एक समन्वयक सर होते, पण ते सहीपुरते. खरा कक्ष म्हणजे मामा. हुद्दा लिपिकाचा, शिक्षण बारावी, आणि समोर पीएच.डी. झालेली माणसं पाढे म्हणायला उभं केल्यासारखी उभी. उभीच, कारण प्रस्ताव मांडणाऱ्यानं बसायचं नाही हा मामांचा पहिला नियम. खोली पूर्वी प्राणिशास्त्राचं संग्रहालय होती. साप, विंचू आणि वटवाघळं नव्या इमारतीत गेली. दोन तोंडांच्या करडाची बरणी मात्र कुणी उचलली नाही. उचलणाऱ्याकडं त्यातलं एक तोंड बघतं, असं शिपाई म्हणायचे. मामांना त्याचं काही वाटत नसे. नव्या प्राध्यापकांना ते बरणीशी नेऊन समजवायचे, "हे बघा, मुख्य संशोधक आन् सहसंशोधक. तोंडं दोन दिशेला, पोट एक. म्हणून जगलं न्हाय. जोडीदार बघून घ्या, सर."

मामा प्रस्ताव आधी वाचत नसत, हुंगत. पान नाकाशी धरायचं, डोळे मिटायचे आणि सावकाश श्वास घ्यायचा. रसायनशास्त्राचे एक सर मोठ्या दिमाखात चाळीस पानं घेऊन आले होते. मामांनी सहावं पान हुंगलं आणि हळूच बाजूला ठेवलं. "हे पान दुसऱ्याच्या घरी ऱ्हाऊन आलंय." सर भडकले. पुढं कॉलेजनं चोरी पकडणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यानं त्या चाळीस पानांतलं सहावंच पान लाल करून दाखवलं. नाकारून परत आलेल्या प्रस्तावांची मामांना वेगळीच माया होती. दर शनिवारी त्या सगळ्या फायली गच्चीवर नेऊन ते उन्हात पसरायचे आणि पापड उलटावेत तशी पानं उलटायचे. "नाकारल्याला प्रस्ताव मरत नसतो बाळा, सादळतो फक्त. ऊन दाखवलं की पुन्हा कडक." त्यात निवृत्त झालेल्यांच्या फायली होत्या, आणि आता या जगात नसलेल्यांच्याही. वारा नसताना त्यांतली एखादी फाईल आपोआप उघडायची. मामा जाऊन त्या पानावर बोट ठेवायचे, वाचायचे आणि म्हणायचे, "व्हय सर, सांगतो त्यांना." मग सोमवारी भूगोलाच्या किंवा मराठीच्या कुणाला तरी बोलावून सांगायचे, की तुमच्या प्रस्तावात अमुक एक राहिलंय. ते खरंच राहिलेलं असायचं.

पण मामांची खरी ख्याती तीन खुर्च्यांची. प्रस्ताव पाठवला की तो कुठल्यातरी अनोळखी तज्ज्ञांकडं जातो. ते कोण, कुठले, हे पाठवणाऱ्याला कधी कळत नाही. ते नुसते शेरे पाठवतात. मामांचं घराणं गोंधळ्यांचं. वडील संबळावर गावोगावच्या देवतांना नाव घेऊन बोलवायचे. मामांनी तीच रीत तज्ज्ञांना लावली. न दिसणाऱ्यांना बोलवायचं तर आदरानं बोलवावं, एवढं साधं त्यांचं म्हणणं. प्रस्ताव पाठवण्याआधी भर दुपारी बारा वाजता खोलीत वाचन व्हायचं. आमच्याकडं ही वेळ चांगली मानत नाहीत, बाया पोरांना बाहेर सोडत नाहीत. मामांना मात्र हीच वेळ लागे. भिंतीशी तीन लाकडी खुर्च्या, प्रत्येकीपुढं पाण्याचा स्टीलचा पेला. मामा टेबलावर बोटांनी संबळाचा ठेका धरायचे आणि म्हणायचे, "दिल्लीचे सर, वाचनाला यावं. पुण्याच्या मॅडम, वाचनाला यावं." तिसऱ्या खुर्चीकडं वळले की आवाज उतरायचा आणि ते कानडीत म्हणायचे, "बर्री, कूडरी." म्हणजे या, बसा. मामा मुरुमकडचे, त्यांना दोन्ही भाषा घरच्याच. मग प्राध्यापक वाचायचे. मामा मान कलती करून ऐकत बसायचे, प्राध्यापकांचं नव्हे, खुर्च्यांचं. मध्येच हात वर करायचे. "थांबा. दिल्लीचे सर विचारायलेत, गावं कशी निवडलाव?" काही महिन्यांनी खऱ्या तज्ज्ञांचे शेरे यायचे, आणि त्यात तो प्रश्न इंग्रजीत जसाच्या तसा असायचा.

मी तिथं पोचले ती वनस्पतिशास्त्राच्या मॅडममुळं. आपल्या भागातल्या रानभाज्यांची नोंद करायचा त्यांचा प्रस्ताव दोनदा परत आला होता. ती योजना नव्या प्राध्यापकांसाठी होती आणि मॅडमचं त्यात बसणारं ते शेवटचं वर्ष होतं. त्यात एक जागा क्षेत्र सहायकाची होती, पदवी झालेल्या मुलीला चालणारी. मॅडमनी सांगितलं होतं, प्रस्ताव मंजूर झाला तर ती जागा तुला. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. जागा मिळाली तर धाराशिवात राहून पुढं शिकायचं, नाहीतर परीक्षा झाली की वळकटी बांधून लोहाऱ्याकडच्या आमच्या गावी. माझ्यापुढं एवढंच होतं, आणि ते सगळं त्या तीन खुर्च्यांवर येऊन बसलं होतं.

भाज्यांची गावाकडची नावं टाईप करायला मी रोज कक्षात बसू लागले. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की संध्याकाळी तिसऱ्या पेल्यातलं पाणी बाकीच्या दोन्हींपेक्षा कमी असतं. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. प्रयोगशाळेतलं मोजपात्र आणलं. सकाळी तिन्ही पेल्यांत सारखं पाणी भरायचं आणि पाच वाजता मोजायचं. तिसरं कमीच. मी पेल्यांची अदलाबदल केली. तिसऱ्या खुर्चीपुढचंच कमी. उन्हाची तिरीप येते म्हणून खिडकी लावली. तरी तिसरंच. मग खुर्चीच खिडकीपासून लांब, दाराशी नेऊन ठेवली. त्या दिवशी पेला रिकामा. माझ्या वहीत अजूनही त्या पानावर 'निरीक्षण' खाली सात ओळी आहेत आणि 'अनुमान' खाली काही नाही. मामांनी माझी धडपड बघून एवढंच म्हटलं, "झालं का मोजून? दारातल्या उन्हानं तहान जास्त लागती, त्यात काय मोजायलीस?"

वाचनाचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी पाच वाजता प्रस्ताव पाठवायचं संकेतस्थळ बंद होणार होतं. चैत्रातलं ऊन, वीज गेलेली, पंखा थांबलेला. मॅडम उभ्या राहून वाचत होत्या आणि मी त्यांच्यामागं पानं धरून उभी होते. दिल्लीच्या सरांनी गावं विचारली, उत्तर होतं. पुण्याच्या मॅडमनी यात नवीन काय असं विचारलं, तेही होतं. मग मामांची मान तिसऱ्या खुर्चीकडं कलली, आणि तशीच राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बरणीतल्या करडाचे चारी डोळे आमच्याकडंच आहेत असं मला वाटायला लागलं.

"मामा, काय म्हणताहेत?" मॅडमनी हळूच विचारलं.

"कायच न्हाय," मामा म्हणाले. मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं बघत होते. "तिसरे आल्यालेच न्हाईत. खुर्ची मोकळी हाय. मॅडम, पाठवू नका."

"अहो, उद्या शेवटचा दिवस आहे! माझं हे शेवटचं वर्ष आहे!"

"मला ठावं हाय. पण तिसऱ्यांनी न विचारता गेल्याला प्रस्ताव आंधळा जातो. मागं दोनदा तुम्ही मला न दाखवता पाठवलाव. काय झालं?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मनात मी वळकटी बांधायलासुद्धा लागले होते. तेवढ्यात दार ढकललं गेलं आणि पदरानं तोंड पुसत माझी माय आत आली.

मीच तिला फोनवर सांगितलं होतं, नमुन्यासाठी पाथरी आणि घोळ या भाज्या घेऊन ये. ती ते विसरली नव्हती, मीच आज विसरले होते. लोहाऱ्याच्या बसमध्ये उभ्यानं आलेली, स्टँडपासून उन्हात चालत आलेली. तिनं ओली पिशवी खाली ठेवली, कुणाकडं बघितलं नाही, सरळ तिसऱ्या खुर्चीवर बसली आणि पुढ्यातला पेला एका दमात रिकामा केला.

मॅडमनी तोंडावर हात ठेवला. त्या खुर्चीवर आजपर्यंत प्राचार्यही बसले नव्हते. मामा सावकाश उठले, चष्मा काढला आणि हात जोडले.

"विचारा, माय."

"अगं बया," माय धडपडून उठायला लागली. "चुकून बसले का मी? काय विचारू? मी अडाणी बाई."

"तुम्ही बसा. बसूनच विचारा."

माय माझ्याकडं बघायला लागली. मग तिची नजर माझ्या हातातल्या पानावरच्या चित्राकडं गेली. "ही पाथरी न्हव्हं? हिला कशाला छापलाव?"

मॅडमनी अगदी साध्या शब्दांत सांगितलं, की ह्या भाज्यांची माहिती आम्ही गोळा करून लिहून ठेवणार आहोत.

"लिहा की. चांगलंच हाय." माय जरा थांबली. "पर बाई, बांधावर आता तणाचं औषिद मारायलेत. आज पिशवीभर पाथरीसाठी मला तीन शिवारं हिंडावं लागलं. तुमचं लिहून होस्तोवर बांधावर ऱ्हाईल का ती? आन् लिहिल्यालं आमाला कोण वाचून दाखवणार?"

मामांनी डोळे पुसले आणि टेबलावर संबळाचा शेवटचा ठोका मारला. "झालं. घ्या लिहून."

मॅडम तिथंच बसल्या आणि लिहायला लागल्या. प्रत्येक गावात एक बांध बिनफवारणीचा राखायचा, ज्या बायांनी माहिती दिली त्यांची नावं पुस्तिकेत छापायची आणि ती पुस्तिका त्याच गावात मोठ्यानं वाचून दाखवायची. नवी दोन पानं झाली. मी मायला स्टँडवर सोडायला निघाले. तेव्हा ती सहज म्हणाली, "तुमच्या दारात ते म्हातारं माणूस उभं हाय, त्याला आत तरी घ्या. मला म्हणलं, जा, माझी खुर्ची मोकळी हाय, बस. अर्धं कानडीच बोलत हुतं."

मी व्हरांड्यात बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं ऊन होतं. मागून मामा शांतपणे म्हणाले, "म्हणूनच तिसरे आत आले न्हाईत व्हय."

पावसाळा सरताना मंजुरीचं पत्र आलं. सोबत तज्ज्ञांचे शेरे होते, त्यातल्या एकानं फक्त त्या नव्या दोन पानांबद्दल लिहिलं होतं. मी पत्र दोनदा वाचलं आणि मामांना विचारलं, "मामा, यात दोनच तज्ज्ञ आहेत."

"दोघंच असतात बाळा. दर टायमाला."

"मग तिसरे?"

"ज्यांच्या रानात जायचं, ते," मामा म्हणाले आणि पेले धुवायला गेले.

त्याच दिवाळीत मामा निवृत्त झाले. निरोप समारंभात पुष्कळ प्राध्यापक बोलले. जाताना मामांनी बरणीवरची धूळ पुसली, माझ्याकडं बघून "पाणी रोज बदलत जा" म्हणाले आणि मुरुमकडं लेकाच्या घरी गेले. मी क्षेत्र सहायक झाले आणि त्याच खोलीत बसू लागले. अधूनमधून त्यांना फोन करायचे. आधी ते सगळ्यांची चौकशी करायचे. मग सरांची नावं विसरू लागले, मग मॅडमचं, मग माझं. "कोण बोलायलंय?" असं विचारायचे. पण मी काही सांगायच्या आत पुढचा प्रश्न यायचा, "तिसऱ्यांचं पाणी बदललं का?"

गेल्या महिन्यापासून तिसऱ्या पेल्यातलं पाणी कमी होत नाही. मी पुन्हा मोजपात्र आणलं. पेले बदलले, खिडकी उघडली, खुर्ची दाराशी नेली. तिन्ही पेले सारखे. आता मी स्वतः एक छोटा प्रस्ताव लिहीत आहे, आमच्याच गावच्या बांधांबद्दल, आणि खुर्च्यांपुढं उभी राहून वाचते तेव्हा तिसरीकडून काही म्हणजे काही येत नाही. परवा मुरुमला फोन केला, तो सूनबाईंनी घेतला. म्हणाल्या, "मामा आता कुणाला वळखंनात. पर दुपारी बारा वाजले की अंगणात दोन खुर्च्या मांडतेत. एकीवर आपण बसतेत, दुसरीपुढं पाण्याचा पेला ठेवतेत आन् कानडीत बोलत बसतेत. संध्याकाळी पेला रिकामा असतोय. ताई, तुमच्या कॉलेजातलं कोण येत असतंय का हो दुपारी?"

मी हो म्हणाले.

वहीतल्या त्या पानावर 'अनुमान' खाली काल मी एक ओळ लिहिली. ती इथं लिहीत नाही. उद्या सकाळच्या बसनं प्रस्ताव घेऊन मुरुमला जायचं ठरवलं आहे, बारा वाजायच्या आत पोचेन अशा बेतानं. मामा मला ओळखणार नाहीत हे माहीत आहे. अंगणात खुर्च्याही दोनच असतात. पण त्याला काही हरकत नाही. प्रस्ताव मांडणाऱ्यानं उभंच राहायचं असतं.