फेट्यापासून बुटापर्यंत

बदनापूरच्या एका कॉलेजात मी संगणक शिकवायचो. लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर कॉलेजची वेबसाइट चालवणारा छोटा सर्व्हर होता, आणि तो रडतखडत चालायचा. पानावर सगळ्यात वर संस्थेच्या अध्यक्षांचा उभा फोटो होता. तो फेट्यापासून पट्टीपट्टीनं खाली उतरायचा. शेवटी वैतागून मी कॅशे, म्हणजे सर्व्हरची हाताशी ठेवायची साठवण, वाढवली, नुसत्याच अडून बसलेल्या जोडण्या तोडल्या. फोटो क्षणात आख्खा आला.

प्राचार्य नाराज झाले. "सर, साहेब कसे सावकाश यायचे! आता एकदम धाडकन येऊन राह्यले. बिलकुल बराबर दिसत न्हाई."

मी सगळं परत होतं तसं केलं.

निकाल फोटोच्या खाली असायचा. पोरं साहेबांचे बूट दिसायची वाट बघत बसायची.