जोलोफचं पातेलं लहान झालं तेव्हा

विलायतेला निघाले तेव्हा मिरजेच्या एसटी स्टँडवर आई खिडकीखाली उभी राहून सारखं सांगत होती, "स्वेटर वरच ठेवलाय, खाली शोधत बसू नकोस." मी नुसती मान हलवत होते. रडू येत नव्हतं, पण भीती वाटत होती. तिकडचं बोलणं कळेल का, दुकानात डाळ मिळेल का, असलीच भीती. डाळ मिळाली हो. बोलणंही आलं. साउथहॅम्प्टनमध्ये उभा जन्म गेला. पण हल्ली जी भीती वाटते ना, ती तुम्हा तिकडच्यांना आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांना सांगून टाकते.

हे गेल्यापासून फ्लॅटमध्ये मी एकटी. मुलगा दूर पिनर गावी, रविवारी फोन करतो. शेजारी कम्फर्ट राहते, घानाची, म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये कामाला. शनिवारी ती जोलोफ करते. आपल्या मसालेभाताची लालभडक बहीणच म्हणा. टोमॅटो, कांदा, तिखट मिरच्या वाटून तेलात इतकं परतायचं की जिन्यात ठसका लागावा, मग त्यात तांदूळ. त्यातला एक डबा माझा. दार वाजवून ओरडते, "आंटी, आर यू अलाइव्ह?" मी म्हणते, "तुझ्या मिरच्या खाऊन किती टिकेन कोण जाणे!" आठवडाभरात माझं दार वाजतं ते तेवढंच.

यंदा तांदूळ महागला, तेल महागलं, टोमॅटोला तर हात लावायची सोय नाही, वर विजेचं बिल. कम्फर्टचं पातेलं लहान झालं. "आंटी, आता माणसांपेक्षा हे पातेलंच जास्त खातं," म्हणाली. भाडं वाढलंय, बहिणीकडे ब्रिस्टलला जावं का, असंही पुटपुटली. मी हसले, पण ब्रिस्टल किती लांब ते मनात मोजत बसले.

त्या शनिवारी डबा आला तो तळाशी चार घास भात घेऊन. मी धुऊन ठेवला. आता आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देतात का? दरवेळी मी शेंगदाण्याचे लाडू नाहीतर शंकरपाळे घालायची. पण थंडीने अंग मोडून आलेलं, हीटिंग बंद, शेंगदाणेही संपलेले. आई म्हणायची, काही नसलं तर चिमूटभर साखर घाल. पण घानाच्या बाईला चिमूटभर साखर काय कळणार? म्हटलं, बरं वाटलं की करू काहीतरी. डबा ओट्यावरच राहिला.

पुढच्या शनिवारी दार वाजलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिची पावलं यायची, माझ्या दारापाशी जरा थबकायची आणि पुढे जायची. मी आत, रिकामा डबा घेऊन दार कसं उघडू? जाणार की काय ही ब्रिस्टलला? उद्या मी बाथरूममध्ये घसरून पडले तर कळणार कुणाला? मुलाला सांगितलं, तर तो म्हणतो, "आई, एवढं काय टेन्शन? जस्ट नॉक कर ना." त्याला सोपं आहे.

शेवटी डब्यात साखरेची चिमूट टाकली आणि तिचं दार वाजवलं. कम्फर्टने दार उघडलं, डबा बघितला आणि तिचा चेहराच पडला.

"आंटी, तुम्ही रागावलात ना? एवढासाच भात दिला म्हणून? डबाही परत आला नाही. मग मी कुठल्या तोंडाने दार वाजवू?"

"अगं वेडे, आमच्यात भांडं रिकामं देत नाहीत! द्यायला काही नव्हतं गं माझ्याकडे."

तिने झाकण उघडलं, साखर बोटावर घेतली, चाटली आणि मोठ्याने हसली. "दोन आठवडे थांबवलं, ते एवढ्यासाठी?" मग मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

आता एका शनिवारी तिचं जोलोफ, एका शनिवारी माझा मसालेभात. दोघींत एकच पातेलं, एकच शेगडी. भाव काही उतरलेले नाहीत. तिच्या भाड्याचंही नक्की नाही. परवा जिन्यात रिकामे खोके दिसले, तर मी ते कुणाचे म्हणून विचारत सुटले. वरच्या मजल्यावरच्यांचे निघाले. मिरजेहून फोनवर विचारतात, "घरी कधी येतेस?" काय सांगू? शेजारची बाई निघून जाईल म्हणून जिथे रिकाम्या खोक्यांचीही भीती वाटते, तेच आता माझं घर झालंय.