टोपलीच्या तळाशी हात

वेणूकाकू गेल्याचा निरोप हिंगणघाटला, शाळेतच आला. मधल्या सुट्टीत शिपायाने चिठ्ठी दिली. आदल्या रविवारी तर तिने मला चांगलं झापलं होतं. पाच आठवडे झाले, ते झापणं कानातून जात नाही.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. नालवाडीला त्यांची भाजीची वाडी. वांगी, मेथी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर तोडून ती स्वतः बाजारात नेई. दहा-बारा वर्षांपूर्वी आजीला, तिच्या सासूला, लकवा झाला. दोन वर्षं काकूने एकटीने उचललं, पुसलं, भरवलं. शेवटी तिची कंबर गेली आणि आजीच्या पाठीला जखमा झाल्या. डॉक्टरांनी शुश्रूषागृहाचं नाव काढलं. काका म्हणाले, "वाडी विकून टाकू, मायचं भागन." काकू म्हणाली, "तीन वर्सं भागन. मंग मायले कोठी नेता?"

वर्ध्यात तिने दोन ठिकाणं पाहिली. दर विचारण्याआधी सरळ रुग्णांच्या पाठीखाली हात घातला! पहिल्या जागी चादर ओली लागली, तशी ती चपला घालून बाहेर. दुसऱ्या जागच्या मोठ्या बाई चिडल्या, तर म्हणते, "रागावू नका बाई. टोपलीतले वरचे वांगे साऱ्याइचेच चांगले रायतात. मी तळाशी हात घालतो." तिथे कोरडं होतं. पण दर झेपणारा नव्हता. काकू म्हणाली, "तुमाले रोज भाजी लागतेच. मी आणून देतो, तेवढे पैसे कापा. पावसात भाजी सडली तं चादरी धुतो." बाई हसल्या आणि कबूल झाल्या. उरलेले पैसे बाजारातून निघत. वाडी वाचली, आजीही.

गावाने मात्र 'सासूले टाकलं' म्हणून तोंडसुख घेतलं. मी शिकलेली, मीही तिला एक जळजळीत पत्र लिहिलं. मी पुढच्या खेपेला नालवाडीला गेले, तेव्हा तिने टोपली माझ्याच डोक्यावर ठेवून मला तिकडे नेलं. टोपली स्वयंपाकघरात, मग आजीच्या पाठीखाली हात, मग केसांना तेल. जखमा भरल्या होत्या. मला रडू आवरेना. "रडून राह्यली काऊन? पाय चेप तिचे," एवढंच बोलली. आजी पुढे चार वर्षं जगली. इतकी शहाणी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि मी तिला काय काय लिहिलं होतं...

गेल्या वर्षी काकूच पडली, खुब्याचं हाड मोडलं. "मले तिथंच न्या," तिने स्वतः सांगितलं. टोपली आता तिचा मुलगा पोचवू लागला. मी दर रविवारी संत्री घेऊन जायची, स्टुलावर बसायची, "बरं आहे ना?" विचारायची. त्या शेवटच्या रविवारी ती कडाडली, "एवढी मास्तरीण झाली, अन् नुसती पाहून राह्यली! हात घाल नं खाली." घातला. चादर ओली होती. कधीपासून, कोण जाणे. आयाला हाक मारून आम्ही दोघींनी ती बदलली. डोळे मिटून काकू म्हणाली, "आता संत्र सोल."

परवा तिची पेटी आणायला गेले. तिच्या खाटेवर अल्लीपूरची एक म्हातारी होती. मी वाकून तिच्या पाठीखाली हात घातला. ती दचकली, "कोन वं तू?"

कोरडं होतं. मग मी माझं नाव सांगितलं.