तोंडाला लागलेला नान

डोंगरावरून कोरडा वारा सुटला होता. सायकाल आपानं गाय पिळली, जर्दाळूच्या रोपांना न्हाणीचं सांडपाणी घातलं आणि ठेवणीतला रुमाल बांधला. आज कोर्टाची तारीख होती. शेजारच्या तोक्तोसुननं गोठ्याची भिंत पुढं घेऊन पाण्याची चारी स्वतःकडं वळवली होती. चारी परत मिळाली नाही तर रोपं या उन्हाळ्यात वाळणार, म्हणून आपानं दावा लावला होता.

मी गावात भाड्याची गाडी चालवतो; आपाला कोर्टात न्यायला कोपऱ्यावर थांबलो होतो. आपा निघाली ती तोक्तोसुनच्या दारावरूनच. त्याची बायको बुरुल तंदूरमधून नान काढत होती. आमच्याकडं गरम नान निघताना दारावरून कुणी गेलं, तर त्याच्या तोंडाला तुकडा लावल्याशिवाय सोडत नाहीत. हात सवयीचे.

"आपा, तोंड लाव की गं," बुरुल बोलून गेली.

आपानंही तुकडा मोडून तोंडात टाकला. मग दोघी एकमेकींकडं बघतच राहिल्या.

"मेले मी!" आपा म्हणाली. "तुझा नान दातात घेऊन तुझ्या नवऱ्यावर बोट कसं दाखवू?"

"थुंक पटकन."

"नान थुंकतात व्हय गं, बाई?"

आपा गाडीशी आली, पण चढेना. "पोरा, दावा न लढताच संपतो का रे? कसा संपतो? विचार की कोर्टातल्या त्या कारकुनीणबाईंना."

मी फोन लावला आणि आपालाही ऐकू जाईल असा धरला.

"मागं घेतला तर हाच दावा पुन्हा लावता यायचा नाही," बाई म्हणाल्या. "नुसत्याच आल्या नाहीत तर तारीख पुढं जाईल. दुसऱ्यांदाही आल्या नाहीत, तर दावा न ऐकताच बाजूला ठेवतात. तो पुन्हा लावता येतो. पण समोरच्यानं निकालच हवा म्हटलं, तर त्या नसतानाच सुनावणी होणार."

"म्हणजे दार लोटलेलं, कडी नाही," आपा म्हणाली. "पण कडी त्या रेड्याच्या हातात!"

त्या दिवशी ती गेली नाही. पुढच्या तारखेलाही नाही. तोक्तोसुन मात्र माझ्याच गाडीत बसून गेला, मिशीला तेल लावून. काय करतो ते बघायला मीही आत शिरलो.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "वादी आलेल्या नाहीत. तुम्हाला निकाल हवाय का?"

तो टोपी चोळत राहिला. "बाई, माझ्या घरचा नान खाल्ला म्हणून ती आली नाही. मी निकाल मागितला तर बुरुल मला नान देईल का?"

बाईंना हसू आवरेना. दावा बाजूला पडला.

परतताना गाडीत त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "म्हातारी पुन्हा लावील का रे?"

"लावील की. नान एकदाच खाल्लाय."

संध्याकाळी तोक्तोसुननं गोठ्याच्या भिंतीखालची दगडं काढली. आपाकडच्या चारीला पाणी आलं, पण गाळानं तुंबून थांबलं. आपानं रुमाल सोडून खुंटीला अडकवला, कुदळ उचलली आणि गाळ उपसायला वाकली.