सरावाच्या तासाला वाजलेल्या टाळ्या

वारज्याच्या पुलाखाली रिक्षा अडकलीय आणि मला धीर धरवत नाहीये, म्हणून लिहितेय. चुका सांभाळून घ्या.

मी समुपदेशनात एमए करते. आज वर्गात सराव होता. एकीने समुपदेशक व्हायचं, दुसरीने मदत मागायला आलेली व्यक्ती. मी समुपदेशक. समोर माझी वर्गमैत्रीण. नाव सांगत नाही. आयटीतली नोकरी सोडून या कोर्सला आलेली. मॅडमनी तिला निवृत्त गृहस्थाची भूमिका दिली होती.

सुरुवातीला पेन्शन, गुडघेदुखी असं चाललं होतं. मग ती हळूच म्हणाली, "शुक्रवारी रूममेट गावी जाते. मग दोन दिवस कुणाशीच बोलणं होत नाही. सकाळी जागच येऊ नये असं वाटतं."

मी शिकवल्याप्रमाणे मान हलवली. मॅडम म्हणाल्या, "अगदी खरं वाटलं हं." वर्गाने टाळ्या वाजवल्या. तीही हसली.

बसस्टॉपवर आल्यावर माझी ट्यूब पेटली. निवृत्त गृहस्थाला रूममेट कुठून आली? आणि आज शुक्रवार आहे.

बसचा नाद सोडून रिक्षा पकडली. लगेच फोन केला.

"अगं, अ‍ॅक्टिंग होती ती," ती म्हणाली.

"असू दे. मी येतेय. जेवायला काय आणू?"

तिने पत्ता सांगितला. मग म्हणाली, "लवकर ये."

रिक्षा अजून हललेली नाही. दुसऱ्याचं ऐकायला शिकतो म्हणे आम्ही त्या वर्गात.

तुमच्यासमोर अलीकडे कुणी हसत हसत असं काही बोलून गेलंय का? आठवून बघा.