बाबांची पाठ
कोणी बाम चोळला की मला लाखनीचं आमचं घर आठवतं. कॅन्सरचे उपचार संपले होते आणि बाबा आता बरे झाले, असं घरात सगळे धरून चालले होते. पण त्यांच्या उशीला, बंडीला बामाचा वास यायचा. विचारलं की म्हणायचे, "डोकं दुखते जरासं." मला ते पटत नव्हतं, कारण दिवसभर वाकून धानाची रोवणी करणारा हा माणूस आता पडलेली काठीही उचलत नव्हता. तपासणीला गेलो तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठे दुखतं का?" "नाही जी," बाबा म्हणाले. मला राहवलं नाही. "मंग रोज बाम कायले लावता, बाबा?" "तू चूप राय!" ते डाफरले, आणि डॉक्टरांकडे संशयाने पाहत हळूच म्हणाले, "दुखते म्हटलं तर तुमी पसरलं म्हणान." डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "कॅन्सरच्या खूप लोकांना दुखतं. आजार पसरला असेल तर जास्त, हे खरं. पण बरे झालेल्यांनाही दुखतं. तपासल्याशिवाय मी काहीच म्हणणार नाही. लपवून मात्र आजार थांबत नाही." मग बाबांनी माझा हात धरून आपल्या पाठीच्या कण्यावर ठेवला. "इथं. रातभर झोप नाही लागत." तपासण्यांत कळलं, आजार खरंच पसरला होता. पण दुखण्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या आणि शेवटचे काही महिने बाबा शांत झोपले, आमच्याशी बोलले. हल्ली आई कंबरेवर हात ठेवून "काही नाही वं" म्हणते, तेव्हा मी उठून जात नाही. कुठे दुखतं ते कळेपर्यंत तिच्याजवळ बसून राहते.